जेवणाच्या सुट्टीत तापणारा कंट्रोलर: ड्रिल मशीनवरच्या कामाच्या नोंदी

८ एप्रिल २०२४

कोरपना तालुक्यातली (जि. चंद्रपूर) चुनखडीची खाण, तिसरा बेंच, म्हणजे खडकात कापलेली पायरी. या महिन्यात आज चौथ्यांदा तेच झालं. जेवणानंतर ऑपरेटरने चावी फिरवली, डिस्प्ले उजळला, सुरुवातीचं चित्र आलं आणि तिथेच अडकला. पुन्हा चावी फिरवली तर डिस्प्ले काळाच. पावणेतीनला मात्र काहीही दुरुस्त न करता, चावी फिरवताच मशीन सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत ११५ मिलिमीटरची भोकं बिनतक्रार पाडत राहिली.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, सकाळी एकदम मस्त चालते जी. जेवून आलो का नाटक करून राहिली."

त्याचं हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवतो. तो या मशीनवर पाच वर्षं बसतोय आणि त्याने वेळ सांगितली आहे. इतके दिवस आम्ही मशीन काय करते एवढंच विचारत होतो, कधी करते ते विचारलंच नव्हतं.

मशीन म्हणजे क्रॉलरवरचं डीटीएच ड्रिल, हॅमर भोकाच्या तळाशी खडकावर मारणारं. एकाच कॅनोपीखाली (पत्र्याच्या कवचाखाली) सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, स्क्रू कॉम्प्रेसर, त्याची ऑइलची टाकी आणि कूलर. कंट्रोलरचा, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूचा, डबाही त्याच कॅनोपीत, एक्झॉस्टच्या बाजूला, टर्बोच्या एल्बोपासून (धुराच्या वाकड्या पाइपपासून) जेमतेम दीड वीत अंतरावर. कारखान्यातून अशीच आलेली. मागच्या वर्षी हा कंट्रोलर एकदा बदललेला आहे. तेव्हा "माल खराब होता" असं म्हणून विषय मिटवला होता. तसा मिटवायला नको होता.

११ एप्रिल

मोजल्याशिवाय पत्र्याला कात्री लावायची नाही असं ठरवलं. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) पाच ठिकाणी लावले: एक्झॉस्ट एल्बोवर, डब्याच्या टर्बोकडच्या बाजूवर, डब्याच्या आत बोर्डाजवळ, कॅनोपीच्या छताखाली आणि बाहेर सावलीत. लॉगर दर मिनिटाला नोंद घेतो.

आधी इन्फ्रारेड गनने एल्बो पाहिला तर १९० अंश दाखवले. ते आकडे घेऊन पुढे गेलो असतो तर सगळंच चुकलं असतं. एल्बोचा तो भाग घासून चकचकीत झाला होता आणि चकचकीत धातू गनला फसवतो, कारण तो स्वतः उष्णतेचे किरण कमी फेकतो. तिथे उष्णतारोधक काळ्या रंगाचा एक ठिपका मारला, वाळू दिला आणि पुन्हा पाहिलं. गन ४६० च्या वर गेली. थर्मोकपल ४८० म्हणत होता. यापुढे स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमवर गन वापरायची तर आधी काळा ठिपका. कमी तापणाऱ्या भागांवर साधी काळी इन्सुलेशन टेपही चालते.

१५ एप्रिल

चार दिवसांचे आकडे हातात आले आणि माझा अंदाज पार चुकला.

मला वाटत होतं की भर दुपारी, पूर्ण लोडवर, हॅमर खडकात असताना डबा सर्वांत जास्त तापत असेल. तसं नाही. सावलीत ४२ असताना पूर्ण लोडवर डब्याच्या आत ८४. एक वाजता इंजिन बंद झालं आणि आकडा चढायला लागला: पाच मिनिटांनी ८९, दहा मिनिटांनी ९५, चौदाव्या मिनिटाला ९७. तिथे बराच वेळ रेंगाळून मग हळूहळू उतरला. कंट्रोलरच्या प्लेटवर लिहिलंय उणे ४० ते अधिक ८५. म्हणजे दुपारी दोनला ऑपरेटर चावी फिरवतो तेव्हा आपण कंट्रोलरला त्याच्या मर्यादेबाहेर उठायला सांगतो. पावणेतीनला तो ८५ च्या खाली आलेला असतो, म्हणून उठतो.

कारण उघड आहे, फक्त तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. इंजिन चालू असतं तोवर पंखा कॅनोपीतून वारा ओढत असतो. इंजिन बंद झालं की पंखा बंद, पाणी फिरणं बंद. मागे उरतं ते शेकडो किलो तापलेलं बीड आणि ९५ अंशांच्या ऑइलने भरलेली कॉम्प्रेसरची टाकी. ती सगळी उष्णता बंद कॅनोपीतल्या हवेत मुरते. चुलीवरून उतरवलेला तवा बंद कपाटात ठेवावा तसं.

एक गोष्ट मनात घोळत राहिली. याच इंजिनचा स्वतःचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तर थेट इंजिनच्या अंगावर बसवलाय आणि तो कधी कुरकुरत नाही. तो इनटेकच्या, म्हणजे थंड बाजूला आहे आणि त्याच्या पाठीमागच्या प्लेटमधून टाकीतलं डिझेल फिरतं. डिझेलच त्याला गार ठेवतं. शिवाय तो आपलं तापमान जे १९३९ वरून, म्हणजे मशीनचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरीवरून, सांगतोही (निरोपाचा क्रमांक एसपीएन ११३६). इंजिन बनवणाऱ्याने एवढा विचार केला. मशीन जोडणाऱ्याने मात्र कंट्रोलरला जागा उरली तिथे बसवलं.

१९ एप्रिल

मतदानामुळे खाण बंद. सकाळी मत देऊन आलो आणि मागच्या वर्षी काढलेला जुना कंट्रोलर घेऊन बसलो. तो नागपूरला सीताबर्डीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून परत आला होता, "बनणार नाही" अशा चिठ्ठीसकट. झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात तीन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. तिघांचीही डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ वाळलेला. भिंगातून पाहिलं तर शेजारच्या मोठ्या कनेक्टरच्या दोन पिनांभोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर.

कपॅसिटरवर १०५ अंश लिहिलंय आणि म्हणून लोक निश्चिंत राहतात. पण तो आकडा आयुष्यासकट वाचायचा असतो. अशा साध्या कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंशांना २००० तास धरतात. दर १० अंश कमी झाले की ते दुप्पट होतं. म्हणजे ९५ ला ४०००, ८५ ला ८०००, ७५ ला १६०००. आमची मशीन दोन पाळ्यांत दिवसाला सोळा तास चालते. दहा अंशांचा फरक इथे वर्षांमध्ये मोजला जातो.

सोल्डरची चीर नुसत्या उष्णतेने पडत नाही. रात्री २६, दुपारी ९७, पुन्हा २६. तांबं, फायबरचा बोर्ड आणि सोल्डर प्रत्येक जण वेगळ्या प्रमाणात फुगतो, आकसतो. वर हॅमरची थरथर. रोजच्या या ओढाताणीत सोल्डर थकतं.

२२ एप्रिल

खाण व्यवस्थापकांकडे आकडे घेऊन गेलो. त्यांनी आलेख नीट पाहिला आणि विचारलं, "डबाच हलवला तर?" मी म्हणालो, तेच बरोबर आहे, पण हार्नेस (वायरींचा जुडगा) लांबवावा लागेल, मशीन तीन दिवस उभी राहील. ब्लास्टिंगचं वेळापत्रक पाहता ते तीन दिवस मेच्या मध्याआधी मिळत नाहीत. तोवर जागेवरच काय करता येईल ते करायची लेखी परवानगी दिली. अट एकच: कॅनोपीतल्या आग विझवण्याच्या यंत्रणेच्या नोझलसमोर काहीही आडवं येता कामा नये. ही अट त्यांनी घातली नसती तर माझ्या पहिल्या आराखड्यात डाव्या नोझलचा मारा अडला असता. नकाशावर नोझल लाल पेनाने काढून घेतले.

२६ एप्रिल

आज चूक केली. लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या ड्रिलवर होणार नाही.

फिटर म्हणाला की डब्याला ग्लासवूल गुंडाळून वर ॲल्युमिनियम फॉइल मारू, बॉयलरच्या पाइपला करतात तसं. अर्ध्या तासाचं काम. मीही मान डोलावली. पूर्ण लोडवर डब्याच्या आतला आकडा ८४ वरून ८९ वर गेला. बंद केल्यानंतरचं शिखर थोडं खाली आलं, ९४, पण आधी दोननंतर पाऊण तासात उतरणारी उष्णता आता दीड तास मुक्काम करून राहिली.

बॉयलरच्या पाइपची उष्णता आत असते आणि ती बाहेर जाऊ द्यायची नसते. आमच्या डब्यात कंट्रोलर स्वतःच पंधरा-वीस वॅट उष्णता तयार करतो, ती डब्याच्या पत्र्यातून बाहेर पडायला हवी. आम्ही तिलाच गोधडीत कोंडलं. शिवाय ग्लासवूल तेल पितं. कॉम्प्रेसरच्या होजला एक बारीक गळती आणि शेजारी ४८० अंशांचा एल्बो, एवढं आगीला पुरेसं आहे. संध्याकाळी सगळं काढून टाकलं.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मशीन उभी, दिवस हातात. ढाल बनवली.

हिशेब असा केला. गंजलेला एल्बो ४८० अंशांना दर चौरस मीटरमागे साधारण १५ किलोवॅट उष्णता नुसत्या किरणांनी फेकतो. डोक्यावरचं मेचं ऊन फार तर १ किलोवॅट असतं. म्हणजे डब्याची टर्बोकडची बाजू भर उन्हाच्या कितीतरी पट आगीसमोर उभी होती. हवा तापण्याआधी ही थेट नजर तोडायला हवी. टर्बोपाशी उभं राहून जिथून डबा दिसतो तिथून उष्णता पोचते. आमच्या वेल्डरला मी तेच सांगितलं: "एल्बोच्या जागी डोळा ठेव आणि डबा दिसेनासा होईल एवढा पत्रा काप."

दोन पत्रे घेतले. एल्बोकडचा १ मिलिमीटर स्टेनलेस, डब्याकडचा ॲल्युमिनियम. दोघांमध्ये १५ मिलिमीटर आणि दुसरा पत्रा व डबा यांच्यामध्ये २५ मिलिमीटर मोकळी जागा. वर आणि खाली दोन्ही फटी उघड्या ठेवल्या. तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून नवी येते, धुराड्यासारखी. वेल्डरने आधी नीटनेटकं दिसावं म्हणून वरची कड वाकवून बंद केली होती. ती पुन्हा कापून घेतली.

पत्रे इंजिनला नाही, चासीला बांधले. स्पेसर (मधलं अंतर राखणारे तुकडे) पोलादाच्या बारीक नळीचे, कारण जाड स्पेसरमधून उष्णता सरळ वाहून येते. बोल्टांची भोकं लांबट ठेवली. तापल्यावर पत्र्याला सरकायला जागा हवी, नाहीतर तो फुगतो आणि खडखडतो. एल्बोला सिलिकाचं जॅकेट घातलं, पण स्टेनलेस जाळीच्या कवचातलं. टर्बोच्या बेअरिंगच्या भागाला मात्र हात लावला नाही, तिथून ऑइलचा पाइप जातो.

४ मे

सावलीत ४३. पूर्ण लोडवर डब्याच्या आत ७२. बारा अंश खाली! एवढ्या साध्या पत्र्याने. आज ऑपरेटरला आलेख दाखवला तेव्हा त्याचाही चेहरा खुलला.

बंद केल्यानंतरचं शिखर मात्र ९०. नुसत्या ढालीने सात अंशच कमी झाले, कारण सुट्टीतली उष्णता किरणांनी कमी आणि कोंडलेल्या हवेने जास्त येते. ढाल तिला अडवत नाही.

९ मे

म्हणून आता सुट्टीचाच विचार. ऑपरेटर जेवायला जाताना पूर्ण लोडवरून सरळ चावी बंद करतो. पाच मिनिटं आयडलवर चालवून मग बंद कर म्हटलं तर त्याने अडचण सांगितली: "साहेब, डिझेलचा हिशेब आमच्या डोक्यावर असते. आयडल दिसलं का ऑफिसातून फोन येते."

त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याच्यापुढे दोन साहेबांचे दोन हुकूम ठेवायचे नाहीत. मी व्यवस्थापकांना घेऊन बेंचवर आलो. पाच मिनिटांचं आयडल म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास डिझेल. त्यात एल्बो ४८० वरून २२० पर्यंत उतरतो, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपत नाही आणि कॉम्प्रेसरची टाकी १० अंशांनी गार होते. व्यवस्थापकांनी तिथेच डिझेलच्या रजिस्टरमध्ये आयडलचा वेगळा रकाना काढायला सांगितला. खरी दुरुस्ती त्या रकान्याने झाली.

दुसरं, इंजिन बंद केल्यावर कॅनोपीचे दोन्ही दरवाजे उघडायचे. दरवाजे वाऱ्याने आपटू नयेत म्हणून आकडे बसवले. दोन्ही मिळून शिखर ८३ वर आलं.

मर्यादेच्या दोन अंश खाली. वाचून बरं वाटतं, पण यावर मला झोप लागणार नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापाचे नऊ दिवस, अजून यायचा आहे. बाहेर तीन अंश वाढले की आतही साधारण तेवढेच वाढतात.

१६ मे

उद्यापासून तीन दिवस मशीन मिळाली. डबा हलवायचा. जागा ठरली: कॅनोपीच्या बाहेर, केबिनच्या मागच्या भिंतीवर, पंखा हवा आत ओढतो त्या बाजूला. तिथे चार दिवस थर्मोकपल लावून ठेवला होता. बंद केल्यानंतरही ५४ च्या वर गेला नाही. ऊन येतं, पण वर पत्र्याचं छोटं छप्पर घातलं की भागतं.

१७ ते १९ मे

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगने घेतला.

कॅन बसची, म्हणजे जे १९३९ चे निरोप वाहणाऱ्या जोडीची, मुख्य वायर जुन्या डब्याजवळून जाते. सोपा मार्ग म्हणजे तिथूनच फाटा काढून नव्या डब्यापर्यंत न्यायचा, १ मीटर ८० सेंटिमीटर. पण जे १९३९ च्या मूळ नियमात (भाग ११) फाटा जास्तीत जास्त १ मीटर. त्याहून लांब झाला की सिग्नल टोकावरून आदळून परत येतो आणि अधूनमधून संदेश हरवतात. मग आपण पुन्हा उष्णतेलाच दोष देत बसू. म्हणून मुख्य वायरच वळवून नव्या डब्यापर्यंत नेली आणि परत आणली. पीळ दिलेली जोडी शेवटपर्यंत पिळातच ठेवली. बॅटरी सोडवून मोजलं: ६० ओहम. म्हणजे दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे समांतर रेझिस्टर जागेवर आहेत.

जुना हार्नेस उघडल्यावर कळलं की टर्बोकडच्या वायरींची पीव्हीसी चामडं वाळल्यासारखी कडक झाली होती. बोटाने वाकवली तर तडकली. आतल्या तांब्याचा रंग काळपट. तेवढा भाग कापून १२५ अंशांची क्रॉसलिंक इन्सुलेशनची वायर घातली, वरून सिलिकॉनचा स्लीव्ह. वायरींचे जोड सोल्डर न करता दाबयंत्राने क्रिंप केले. थरथरत्या मशीनवर सोल्डरचा जोड जिथे संपतो तिथेच वायर तुटते.

डब्याखालचे जुने रबर माउंट हातात घेतले तर खडूसारखे भुगा होत होते. कडक झालेलं रबर थरथर अडवत नाही, पुढे पोचवतं. सोल्डरच्या चिरेचा अर्धा दोष या रबराला द्यावा लागेल. नवे उष्णता सोसणाऱ्या ईपीडीएम रबराचे घातले.

आणि एक गोष्ट, जी मला आधीच दिसायला हवी होती: जुन्या डब्याच्या तळाशी पांढरट रेघा, पाणी वाळल्याच्या. डबा आयपी ६७ (धूळ-पाणी रोखणारा), ग्लँड (वायरी आत येतात ती बुचं) घट्ट, तरी पाणी आत. शिफ्ट संपली की हेल्पर मशीन गरम असतानाच प्रेशरने धुतो. डबा एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या कडेवर साचलेलं पाणी आत ओढते. जितका घट्ट डबा तितका जोराने ओढतो. नव्या डब्याला खालच्या बाजूने श्वास घेणारा मेंब्रेनचा व्हेंट लावला. हवा जाते-येते, पाणी थांबतं. हेल्परला गरम मशीनवर पाणी मारू नकोस म्हणून सांगितलं, आणि का ते जुना डबा हातात देऊन दाखवलं.

२८ मे

नवतप्याचा चौथा दिवस. दुपारी दोनला बेंचवर सावलीत ४६. पाण्याच्या कॅनला हात लावला तरी चटका. लॉगर: पूर्ण लोडवर डब्याच्या आत ६७, बंद केल्यानंतरचं शिखर ६९. दोन वाजता चावी फिरवली, डिस्प्ले सरळ उघडला. ऑपरेटर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहून अंगठा वर केला आणि रॉड खाली सोडला.

जुन्या जागी ढाल तशीच ठेवली आहे. तिथून अजून सेन्सरच्या वायरी आणि सोलेनॉइडचे कनेक्टर जातात, त्यांनाही जीव आहे.

५ जून

ढाल साफ करायला काढली. त्यावर चुनखडीचा पांढरा थर बसला होता. फिटर म्हणाला, पांढरा आहे म्हणजे ऊन परतवतो, राहू द्या. डोळ्याला पांढरा दिसणारा हा थर उष्णतेच्या किरणांना मात्र जवळजवळ काळाच असतो. चकचकीत पत्रा दहातले एक-दोन भाग शोषतो, धूळ बसलेला दहातले नऊ. दोन थर केले होते ते यासाठीच. सगळे पृष्ठभाग मळले तरी एक पत्रा उष्णता निम्म्यावर आणतो आणि दोन पत्रे एक तृतीयांशावर. तरी दर रविवारी फडक्याने पुसायचं असं तपासणीच्या तक्त्यात घातलं.

१६ जून

दोन दिवस चांगला पाऊस झाला. नव्या डब्याचं झाकण काढलं. आत कोरडं. पिना लख्ख. झाकणाच्या आतल्या बाजूला रंग बदलणारी तापमानाची पट्टी चिकटवली होती, तिच्यावर ७१ चा ठिपका काळा झालाय, ७७ चा पांढराच आहे. पट्टीचा रंग परत फिरत नाही, म्हणजे १९ मेपासून आजवर आतली हवा ७७ ला एकदाही पोचलेली नाही. पट्टीशेजारी तारीख लिहून झाकण लावलं, बोल्ट आडवे-तिरपे आवळले.

जुन्या ब्रॅकेटची चार भोकं उद्या बंद करायची आहेत. दुसऱ्या ड्रिलचा डबा २२ तारखेला उघडतोय. तिच्या ऑपरेटरला आजच विचारून आलो, मशीन कधी अडते म्हणून.